कोळशाच्या मुलखातील सूर्य

चंद्रपुराहून मोहर्लीच्या वाटेने ताडोबाच्या अरण्याकडे निघालेल्या प्रवाशास, शहराची वस्ती विरळ होऊन दुर्गापूर लागते न लागते तोच, आकाशात उंच गेलेली धुराडी आणि त्यांच्या पायथ्याशी पांढरी वाफ सोडीत उभे असलेले शीतलीकरणाचे प्रचंड मनोरे दृष्टीस पडतात. आणि तेथून फारसे अंतर न तोडता, वन्यप्राण्यांचा संचार आहे, वाहने सावकाश हाका, असे बजावणारी पाटीही लागते. एका अंगास कोळशाच्या खुल्या खाणी, दुसऱ्या अंगास व्याघ्रराखीव वन आणि या दोहोंच्या मध्ये वीज केंद्रातील कामगारांची वसाहत, अशी ही वस्ती. हिचे नाव ऊर्जानगर. मुलांना विज्ञान शिकविण्यात माझ्या उमेदीची वर्षे या परिसरात गेली. आणि ‘ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता’ ही व्याख्या फळ्यावर लिहिताना, ज्या गावाच्या नावातच ऊर्जा आहे त्याच्या आसपासच्या भूमीची स्वतःची क्षमता किती, हा प्रश्न मला नेहमी पडत आला. कोळसा सरल्यावर, किंवा जगाने तो टाकून दिल्यावर, या भूमीने कशाच्या बळावर उभे राहावे, हा त्याच प्रश्नाचा उत्तरार्ध होय.

कोळशाशी या मुलखाचा संबंध शतकाहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने वरोऱ्यास खाण उघडली आणि तिच्यासाठी लोहमार्ग आणला; पुढे बल्लारपूर, घुगुस, माजरी, राजुरा अशी वर्धेच्या खोऱ्यातील खाणींची मालिकाच उभी राहिली. १९८३ साली चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला, आणि संचामागून संच उभे राहत, पहिले दोन २१० मेगावॅटचे संच कालांतराने निवृत्त होऊनही, केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅटपर्यंत पोहोचली. ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालविला, तर त्यास सुमारे सात-आठ हजार टन कोळसा लागतो, आणि आपल्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे असल्यामुळे त्यातील तृतीयांशाच्या आसपास वजन राख होऊन मागे उरते. या विजेचा मोठा हिस्सा ७५० किलोमीटरहून लांब अशा उच्चदाब एकदिश वाहिनीने मुंबईनजीकच्या पडघ्यास जातो. राख मात्र येथेच राहते.

या देवघेवीचा हिशेब सरकारी दप्तरातही उमटलेला आहे. २००९ साली देशातील औद्योगिक परिसरांच्या प्रदूषणाची मोजणी झाली, तेव्हा चंद्रपुराचा निर्देशांक ८३.८८ भरला आणि अतिप्रदूषित स्थळांच्या यादीत त्याचे नाव अगदी वरच्या स्थानी आले. पाण्याचीही तीच कथा. वीज केंद्राची तहान भागविणारे इरई धरण २०१० च्या उन्हाळ्यात इतके आटले, की पाण्याअभावी संच बंद ठेवण्याची वेळ आली. आणि ज्या अखंड जिल्ह्यातून १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला, त्याच्या दक्षिण टोकास, १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी भामरागडनजीक हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रुग्णसेवा आरंभिली ती कंदिलाच्या उजेडात. पुढे वीज केंद्राची धुराडी उभी राहून वर्षे लोटल्यावरही त्या बाजूच्या दुर्गम पाड्यांतील कित्येक घरांत पहिला दिवा लागला तो तारेवरून आलेल्या विजेचा नव्हे, तर शासनाने दिलेल्या सौर कंदिलाचा किंवा छपरावरील लहानशा पटलाचा. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण नित्य वापरतो. या दोन जिल्ह्यांच्या नकाशावर ती अक्षरशः वाचता येते.

नवीकरणक्षम ऊर्जेच्या क्षमतेविषयी बोलताना एक विवेक प्रथम केला पाहिजे. एखाद्या प्रदेशावर वर्षभरात जेवढे ऊन पडते, जेवढे पाणी वाहते, जेवढा पाचोळा गळतो, ती सर्व त्याची सैद्धांतिक क्षमता. उपलब्ध यंत्रांनी त्यातून जेवढे हाती लागेल ती तांत्रिक क्षमता. आणि जमीन, वन, पैसा, कायदा आणि लोकांची संमती या सर्वांच्या चाळणीतून गाळून शेवटी जी उरते, ती खरी, म्हणजे व्यवहारात उतरणारी क्षमता. अहवालांत बहुधा पहिल्या दोन आकड्यांचाच गौरव असतो, आणि गावकऱ्याच्या वाट्यास येतो तो तिसरा.

सूर्यापासून आरंभ करू. सिलिकॉनच्या पातळ चकत्यांत, एका थरात फॉस्फरस आणि दुसऱ्यात बोरॉन अल्पांशाने मिसळून असा एक सांधा तयार करतात, की प्रकाशकणाच्या आघाताने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन एकाच दिशेने ढकलला जावा. या ओघासच आपण वीज म्हणतो. प्रकाशाच्या या गुणाची ओळख १८३९ साली फ्रान्समध्ये बेक्वेरेल यास झाली आणि १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत व्यवहारोपयोगी सौरघट तयार झाला. आपल्याकडील उन्हात एक किलोवॅटचे पटल वर्षाची सरासरी धरता दिवसास सुमारे चार युनिट वीज देते.

आता चंद्रपूरच्या उन्हाची ख्याती ऐकणाऱ्यास वाटेल, की जेथे मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर चढतो, तेथे सौर विजेला तोटा कसला! परंतु हा समज बरोबर नाही. पटलास हवा असतो तो प्रकाश. उष्णता त्यास मानवत नाही. त्याची नोंदलेली शक्ती २५ अंश तापमानास मोजलेली असते आणि त्यावर चढणाऱ्या प्रत्येक अंशामागे ती शेकडा सुमारे ०.४ ने घटते. मे महिन्यातील एका दुपारी गच्चीवरील पटलाच्या काचेवर मी हात टेकविला आणि तत्क्षणी मागे घेतला. तापल्या तव्याची आठवण व्हावी अशी ती काच होती. अशा वेळी आतील घट सत्तर अंशांच्या घरात असतो, म्हणजे शेकडा पंधरा ते अठरा शक्ती उन्हानेच खाल्लेली असते. त्यावर खाणींकडून येणाऱ्या धुळीचा थर बसला, की आणखी काही अंश जातो. पटल ओल्या फडक्याने पुसले, की फडके काळे होते आणि मीटरवरील आकडा चढतो. आषाढ-श्रावणात ढग दाटले, की उत्पादन बरेच खाली येते. म्हणून या मुलखातील सौर वर्षाचा खरा हंगाम माघ ते चैत्र हा होय: आकाश स्वच्छ, हवा अजून माफक तापलेली, आणि शेतात उन्हाळी धानाला पाण्याची निकड.

एवढ्या बळावर महाऔष्णिक केंद्राची जागा घ्यायची म्हटले तर? केंद्र आपल्या क्षमतेच्या शेकडा साठ भाराने चालते असे धरले, तर ते दिवसास सव्वाचार कोटी युनिटांच्या आसपास वीज देईल. तेवढ्यासाठी सुमारे १०,००० मेगावॅटची सौर पटले लागतील आणि, मेगावॅटमागे साडेचार एकर धरल्यास, ४५,००० एकर म्हणजे जवळजवळ १८० चौरस किलोमीटर जमीन. चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे, तेव्हा हा हिस्सा शेकडा दोनाहूनही कमी भरतो, आणि कागदावर प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. पण या जिल्ह्यात मोकळी दिसणारी जमीन बहुधा कोणाची तरी बांधी, म्हणजे धानाचे खाचर, असते, कोणाच्या गुरांचे कुरण असते किंवा एका वनातून दुसऱ्या वनात जाणाऱ्या वाघाची वाट असते. कोळशाच्या धुरापासून जग वाचविण्यासाठी जंगल तोडून त्यावर काचा अंथरणे, हा औषधासाठी रोग्याचेच रक्त काढण्याचा प्रकार होईल.

सुदैवाने कोळशाने या भूमीस जे व्रण दिले, तेच येथे उपयोगी पडू शकतात. खुल्या खाणींतून उपसून टाकलेल्या मातीचे डोंगर, भरून गेलेली राखतळी, खणून सोडून दिलेल्या खाणींचा परिसर, या जागा शेतीच्या उपयोगाच्या राहिलेल्या नाहीत. माती दाबून स्थिर झाली, की त्यांवर पटले उभी करता येतात. वसाहतींची, शाळांची, भातगिरण्यांची छपरे आहेत. इरई धरणाच्या पाण्यावर तरंगती पटले बसविण्याचा विचार पुढे आला. त्याने बाष्पीभवन कमी होते आणि पाण्याच्या सान्निध्याने पटल थंड राहून अधिक वीज देते, हे खरे. परंतु त्याच जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि मच्छीमारांचे पोटही त्यावर चालते. तेव्हा किती पाणी झाकावे आणि किती उघडे ठेवावे, हे पाण्याच्या काठी राहणाऱ्यांस विचारल्यावाचून ठरू नये.

आणखी एक अनुकूलता अशी आहे, की तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. ती दूरच्या एका उदाहरणाने कळेल. आफ्रिकेतील केनिया या देशात आज विजेचा सुमारे नऊ-दशांश हिस्सा नवीकरणक्षम साधनांतून येतो. ओल्कारिया येथे तर वन्यपशूंच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतच भूगर्भातील वाफेवर जनित्रे चालतात. त्याच देशाच्या उत्तरेस तुर्काना सरोवरालगतच्या वाऱ्याच्या पठारावर ३६५ पवनचक्क्यांचा, ३१० मेगावॅटचा प्रकल्प २०१७ च्या आरंभी उभारून पूर्ण झाला. परंतु वीज वाहून नेणारी चारशेहून अधिक किलोमीटरची वाहिनी तयार नसल्यामुळे तो २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत तसाच ताटकळत राहिला. विकसनशील देशांत क्षमता अडून राहते ती पुष्कळदा अशी, तारेवाचून. ऊर्जानगरची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे उच्चदाब वाहिन्यांचे जाळे, उपकेंद्रे, तज्ज्ञ अभियंते, जोडारी आणि वीजतंत्री या सर्वांची चार दशकांची सिद्धता आहे. संच एकेक करून निवृत्त होतील, तेव्हा त्यांच्या जागी नवी वीज घालण्यास मार्ग तयार आहे, आणि तो सांभाळणारी माणसेही.

परंतु मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट या वाहिन्यांवर नसून त्यांच्या शेवटच्या टोकाशी, शेतावर घडते. कृषिपंपांना वीज देण्याची आपल्याकडील जुनी पद्धत पाळ्यांची: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. इतरत्र ही गैरसोय म्हणून खपून जाते. सिंदेवाही, मूल, नागभीड, सावली या तालुक्यांत ती जिवाशी गाठ असते, कारण ‘लाईन’ रात्री येणार म्हणजे ओलितासाठी रात्री शेतात जाणे आले आणि बांधीच्या पलीकडे वाघ असणार हे गृहीतच. मूलच्या बाजूच्या एका शेतावर मी फाल्गुनातील एका पहाटे गेलो होतो. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठी पाच अश्वशक्तीचा सौर पंप होता. त्याची पंधरा पटले पूर्वेकडे उजाडण्याची वाट पाहत असल्यासारखी दवाने भिजून उभी होती. सूर्याचे पहिले किरण काचेवर पडले, तेव्हा काही झाले नाही. मग नळीतून हवेचा हुंकार ऐकू आला, थोडे गढूळ पाणी आले आणि थांबले, पुन्हा आले. ऊन हातभर वर चढले तशी धार बोटाएवढी, मग मनगटाएवढी झाली आणि तासाभरात बांधीच्या तोंडाशी पाणी खळाळू लागले. सूर्य वर येतो तसे पाणी वर येते, हे इतक्या साध्या रीतीने डोळ्यांसमोर घडताना पाहून, वर्गात सांगितलेले सारे ऊर्जांतरण मला फिके वाटले. शेताचा धनी म्हणाला, “आता रातच्या लाईनीले नाई जा लागत, गुरुजी. घरची बाईबी निजते सुखानं.” पंपाची क्षमता किलोवॅटमध्ये लिहिण्याची रीत आहे, त्या बाईची झोप कोणत्या एककात लिहावी, हे मला ठाऊक नाही, पण हिशेबात ती धरली पाहिजे, एवढे निश्चित.

दुसरे साधन धानाचे. शंभर किलो धान भरडले, की सुमारे वीस किलो तूस निघते, आणि लहान वीजगृहात एका युनिटास दीड किलोच्या आसपास तूस लागते. म्हणजे क्विंटलभर धानाचे तूस बारा-तेरा युनिट वीज देऊ शकते. वीस क्विंटल धान पिकविणाऱ्या कुटुंबाच्या तुसात त्याच्या घरच्या तीनएक महिन्यांच्या दिव्या-पंख्याची तरतूद असते, आणि ते तूस भातगिरणीच्या मागे ढिगाने पडलेले आपण पाहतो. तुसावर वीज करणारे लहान कारखाने या मुलखात निघालेही; परंतु तुसाला भाव आला, गिरण्यांच्या बाष्पकांनाही तेच हवे झाले, तेव्हा इंधन मिळविणे दुष्कर होऊन बसले. वरोरा, भद्रावती, कोरपना या कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी शेतातच पेटवून देतात. २०२१ च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर शेकडा पाच या प्रमाणात शेतीतील काडीकचऱ्याच्या गोळ्या जाळण्याचा हुकूम काढला. त्यामुळे या पऱ्हाटीस घराजवळचेच गिऱ्हाईक लाभू शकते. सावधगिरी एवढीच, की काडीकचऱ्याच्या नावाखाली वनातील काष्ठ भट्टीत जाऊ नये.

वन आणि चूल यांचा संबंध तर याहून नाजूक आहे. सरपणासाठी, मोहफुलांसाठी, तेंदूपानांसाठी पहाटे वनात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावल्याचे वृत्त या जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात ऐकावे लागते. चार-पाच गुरांचे दिवसाचे पन्नास किलो शेण दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्रास पुरते आणि त्यावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होतो. वर खत मिळते ते वेगळे. या संयंत्रात नवल असे काहीच नाही, ते आपल्या परिचयाचे आहे. तरीही सरपणाची एक मोळी वाचली, म्हणजे वनातील एक फेरी वाचली, आणि त्या फेरीबरोबर कोणाचे काय वाचले, ते वनाकाठचे घरच जाणते.

पाण्याविषयी मात्र या मुलखाने एक धडा पूर्वीच घेतलेला आहे. गोदावरी, प्राणहिता आणि इंद्रावती यांच्या प्रवाहांकडे पाहून इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथे प्रचंड धरणांच्या योजना आखल्या गेल्या. मेगावॅटचे आकडे भव्य होते आणि बुडणाऱ्या वनाचे व गावांचेही. १९८४ च्या सुमारास बाबा आमटे आणि लालश्याम शहा यांच्या पुढाकाराने जंगल बचाव, मानव बचाव हे आंदोलन उभे राहिले, आणि ती धरणे झाली नाहीत. सैद्धांतिक क्षमता आणि खरी क्षमता यांतील अंतर येथील आदिवासींनी असे आपल्या पायांनी मोजून दाखविले. वाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे: सातारा-धुळ्याच्या पठारांवरील वेग येथील वनाच्छादित सखल भूमीवर नाही.

रात्रीचा प्रश्न उरतो, आणि तो टाळून चालणार नाही. सूर्य मावळल्यावरच घरोघरी दिवे लागतात; ती वीज साठवावी लागेल, विजेऱ्यांच्या संचांत किंवा घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प करतो त्याप्रमाणे पाणी वर चढवून आणि पुन्हा खाली सोडून. तोवर कोळशाचे संच संध्याकाळचा भार सांभाळीत राहतील, आणि ज्यांच्या पिढ्या खाणीत आणि बाष्पकापाशी झिजल्या, त्या कामगारांना नव्या कामाचे शिक्षण देण्यास तेवढा अवधी मिळेल. संक्रमण म्हणून ज्याचा गौरव होतो, त्यात या माणसांच्या भाकरीची सोय आधी लिहिली पाहिजे.

मला जे सांगावयाचे आहे, ते या सर्व हिशेबाच्या तळाशी आहे. कोळसा एका जागी असतो, म्हणून त्याची मालकीही एका जागी एकवटते. खाण एकाची, केंद्र एकाचे, वीज दूरच्यांची. ऊन, तूस, शेण आणि बोडीचे पाणी यांचा धर्मच विखुरलेले असण्याचा आहे. म्हणून त्यांची मालकीही विखुरलेली राहू शकते. मात्र ती आपोआप तशी राहत नाही. हजारो एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन, कुंपण घालून, पुन्हा सारी वीज पडघ्याकडेच पाठविता येईल, आणि मग सूर्याखालीही अंधारच राहील. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावास, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली, २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्काची सनद मिळाली, आणि २०११ साली आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्याने विकण्याचा अधिकार त्या ग्रामसभेने मिळविला. आज गडचिरोली जिल्ह्यात अशी सनद हाती असलेली गावे हजाराहून अधिक आहेत. जी ग्रामसभा एकमताने बांबू तोडण्याचे आणि राखण्याचे नियम करते, जमाखर्च चावडीवर वाचते, तिला गावाच्या गायरानातील एका कोपऱ्यावरचे सौरगृह चालविता येणार नाही, असे मानण्यास कारण दिसत नाही. त्यासाठी तिला कर्ज मिळाले पाहिजे, वीज विकण्याचा करार तिच्या नावे झाला पाहिजे, आणि बिघाड झाल्यास आठ दिवसांत येणारा तंत्री तालुक्याच्या गावी असला पाहिजे. कारण नादुरुस्त सौर दिवा छपरावर वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो, तेव्हा गावाचा सूर्यावरचा नव्हे, तर आपल्यावरचा विश्वास उडतो.

मूलच्या त्या शेतावरून दुपारी परतताना धन्याने पंपाची कळ मला दाखविली. लाईन कधी येते, हे सांगणारा पाळ्यांचा जुना कागद तेथे पेटीच्या आत अजून चिकटविलेला होता. त्यावरचे वार आणि वेळा उन्हाने पुसट झाल्या होत्या. त्याने तो काढून टाकलेला नव्हता. त्याच्या कोऱ्या बाजूवर त्याच्या शाळकरी मुलीने कोणत्या दिवशी किती बांधी भिजल्या, हे शिसपेन्सिलीने लिहून ठेवण्यास आरंभ केला होता.